निरोप्या आणि हेर: म्हैसूरच्या अंचेपासून पेगाससपर्यंत

म्हैसूर शहराच्या पश्चिम भागात, कुक्करहळ्ळी तलाव आणि मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर यांच्या शेजारी, सरस्वतीपुरम ही वसाहत आहे. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाच्या काळापासून हे संस्थानी शहर जुन्या कोटाबाहेर आखीव पेठांच्या रूपाने वाढत गेले आणि सरस्वतीपुरम ही त्या वाढीतलीच एक पेठ होय. राज्यसंस्था प्रजेच्या खासगी बोलण्यावर कशी कान ठेवत आली, याचा इतिहास सांगू पाहणाऱ्याला या वसाहतीच्या आसपास दोन पुरावे सापडतात. पहिला पुरावा टपाल कचेरीच्या कन्नड पाटीवरचा ‘अंचे’ हा शब्द आहे. तो आज केवळ टपाल या अर्थाने वाचला जात असला, तरी त्याच्यामागे म्हैसूरच्या वोडेयर राजांचे एक विलक्षण खाते उभे आहे. दुसरा पुरावा रेल्वेमार्गाच्या पलीकडे, प्राच्यविद्या संशोधनालयात जतन केलेली ताडपत्रांची पोथी हा असून, हेरगिरीचे शास्त्र सांगणारा भारतातील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ त्या पोथीमुळे आधुनिक जगाला पुन्हा मिळाला. हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवून वाचले, तर अलीकडच्या वर्षांत ‘पेगासस’ या नावाने गाजलेल्या व्यापारी टेहळणी प्रणालीत जुने किती आणि नवे किती, याचा निवाडा बराच सोपा होतो.

अंचे या खात्याची उभारणी १६७३ ते १७०४ या काळात राज्य केलेल्या चिक्क देवराज वोडेयर यांच्या नावे सांगितली जाते. शिवाजी महाराजांची दक्षिणेची मोहीम, तंजावरच्या व्यंकोजी राजांशी झालेले व्यवहार आणि औरंगजेबाच्या फौजांचा वाढता दाब अशा तिहेरी पेचात या राजाने आपले छोटे राज्य टिकवले आणि वाढवले. बंगळूर शहर त्याच्या ताब्यात आले, तेही १६८७ मध्ये तीन लाख रुपये मोजून. अशा राज्याला दूरच्या परगण्यांतील बातमी वेळेवर मिळणे हे फौजेइतकेच महत्त्वाचे होते. परंपरेने ‘अठरा कचेऱ्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या प्रशासनात अंचेची कचेरी होती आणि तिचे धावपटू ठरावीक टप्प्यांवर थैल्या बदलत दरबारचे कागद पोचवीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरमध्ये रेसिडेंट राहिलेला आणि दक्षिणेचा इतिहास लिहिणारा मार्क विल्क्स या खात्याविषयी जे नोंदवतो, ते मोलाचे आहे. त्याच्या मते हे खाते बातमी पोचवण्याइतकेच बातमी काढण्याचे साधन होते, त्यातील अधिकारी दरबाराचे विश्वासू गुप्त प्रतिनिधी होते, आणि खालच्या पायरीवरचे नोकर आपापल्या परगण्यातील आतल्या गोष्टींचे नियमित अहवाल पाठवणारे उघड हेरच होते. पुढे हैदरअलीने हीच पद्धत अधिक विकसित केली आणि तिला भयंकर अचूकता आणली, असेही विल्क्स सांगतो. विल्क्स हा जिंकलेल्या पक्षाचा इतिहासकार होता आणि हैदरच्या राज्याचे चित्र काळवंडण्यात त्याला रस होता, हे लक्षात ठेवूनही या नोंदीतला गाभा खरा मानावा लागतो, कारण संदेश वाहणारा आणि संदेश चोरून ऐकणारा एकच असावा ही व्यवस्था त्या काळातील भारतीय राज्यांत सर्वत्र दिसते.

मराठी भाषेनेच याची साक्ष जपून ठेवली आहे. ‘जासूद’ या शब्दाचा जुन्या मराठीतला अर्थ पत्र घेऊन धावणारा निरोप्या असाही होतो आणि हेर असाही होतो, आणि पेशवेकालीन कागदांत एखाद्या वाक्यातला जासूद या दोहोंपैकी कोण हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. ‘हरकारा’ या शब्दाचेही तेच. काशीद थैली पोचवतो, जासूद थैली पोचवतो आणि वाटेत डोळे उघडे ठेवतो, असा फार तर सूक्ष्म भेद करता येईल. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीपूर्वी त्या शहराची खबर आणणारे म्हणून बखरकार ज्यांचे नाव घेतात, ते बहिर्जी नाईक हे अशाच जासुदांचे नाईक होते, आणि अष्टप्रधानांतील मंत्री म्हणजेच वाकनीस याच्याकडे राजाच्या दिनचर्येची नोंद आणि राजाविरुद्धच्या कटांची खबर ही दोन्ही कामे एकत्र होती. नोंद ठेवणे आणि नजर ठेवणे यांची अशी सांगड म्हैसूरलाही परकी नव्हती. टिपूच्या काळात तेथील महसुली हिशेब कन्नड, मराठी आणि फारसी अशा तीन भाषांत ठेवले जात, आणि टिपूनंतर १७९९ पासून १८११ पर्यंत दिवाण राहिलेले पूर्णय्या हे या बहुभाषी दप्तरी परंपरेतच घडलेले होते. राज्याची बातमी आणि राज्याचा हिशेब एकाच दप्तरात असल्यामुळे, हेरावर झालेला खर्चही कुठे ना कुठे लिहिलेला असे. ही बाब पुढील चर्चेसाठी महत्त्वाची आहे.

या सर्व व्यवहारामागचे शास्त्र मात्र अठराव्या शतकात कोणाच्या हाती नव्हते. म्हैसूरचे प्राच्यविद्या ग्रंथालय १८९१ मध्ये सुरू झाले आणि आजचे प्राच्यविद्या संशोधनालय हे त्याचेच पुढचे रूप आहे. तंजावर भागातील एका पंडिताने ग्रंथालयाला दिलेल्या, ग्रंथ लिपीत लिहिलेल्या पोथीत कौटिलीय अर्थशास्त्र आहे, हे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०५ च्या सुमारास ओळखले. १९०९ मध्ये त्यांनी मूळ संहिता छापली आणि १९१५ मध्ये तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात तीन खंडांत या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास सिद्ध केला, त्यामुळे म्हैसूरला सापडलेल्या या ग्रंथाचा सर्वांत काटेकोर पाठ एका मराठी पंडिताच्या हातून तयार झाला. ग्रंथाचा काळ चंद्रगुप्त मौर्याचा की त्यानंतरच्या काही शतकांचा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. हेरगिरीच्या शास्त्राचा विचार करताना मात्र त्या वादाने फारसा फरक पडत नाही.

ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणात, म्हणजे पहिल्या भागात, ‘गूढपुरुष’ या नावाने हेरांची विभागणी येते. एका ठिकाणी ठाण मांडून बसणारे हेर ते ‘संस्थ’. त्यांत कपटी विद्यार्थी, संन्यास सोडलेला, शेतकरी, व्यापारी आणि तापस अशा पाच वेषांचे लोक येतात. फिरते हेर ते ‘संचार’. त्यांत सत्री म्हणजे शास्त्रे शिकवून तयार केलेला अनाथ, तीक्ष्ण म्हणजे घातपात करणारा, रसद म्हणजे विष देणारा आणि भिक्षुकी म्हणजे घराघरांत प्रवेश असलेली परिव्राजिका असे चार प्रकार आहेत. या सर्वांना वेतन आहे: ठाणबंद पाच वेषांच्या हेरांना एक हजार ‘पण’ (त्या काळचे नाणे), तर फिरत्या हेरांना पाचशे. फिरत्याने आणलेली बातमी खुणांनी आणि सांकेतिक लिपीने ठाणबंदाकडे जाते, आणि दोघांनी एकमेकांना ओळखू नये असा नियम आहे. बातमी खरी मानायची ती तीन स्वतंत्र हेरांचे म्हणणे जुळले तरच. ज्यांचे म्हणणे वारंवार जुळत नाही, त्यांना गुपचूप दंड करावा किंवा कामावरून काढावे. नजर ठेवायची ती ‘तीर्थां’वर, म्हणजे राज्यकारभाराच्या अठरा प्रमुख अधिकाऱ्यांवर, आणि त्या यादीच्या आरंभीच मंत्री, पुरोहित, सेनापती आणि युवराज येतात. ‘उभयवेतन’ या नावाचा आणखी एक हेर येथे भेटतो. तो आपल्या राजाचे वेतन घेत असतानाच शत्रूच्याही पदरी चाकरी धरून बसतो, आणि तो खरोखरच शत्रूचा होऊ नये म्हणून त्याची बायकामुले ओलीस ठेवावीत, असे कौटिल्य सांगतो.

या शास्त्रात नीतीचा आग्रह शोधायला जाऊ नये, कारण तेथे विष आहे, खोटा साधू आहे आणि ओलीस ठेवलेली मुले आहेत. तरीही त्यात एक कठोर शंका सतत जागी असते, ती हेराबद्दलचीच. कौटिल्याचा राजा हेरावर विश्वास ठेवत नाही; तो त्याचे म्हणणे पडताळतो, त्याला वेतनपटावर ठेवतो आणि त्याच्या निष्ठेचे तारण घेतो. हेरगिरी ही राज्याची अत्यंत धोकादायक वस्तू असून तिला राज्याच्या आतच, राज्याच्या हिशेबात बांधून ठेवले पाहिजे, ही जाणीव त्या कपटी वाटणाऱ्या नियमांच्या मुळाशी आहे. यासोबत एक नैसर्गिक मर्यादाही होती: एक हेर एका घराच्या ओसरीवर बसला, की तो दुसऱ्या घरी नसे, आणि म्हणून ऐकण्याची किंमत माणसांच्या संख्येबरोबर वाढत जाई.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था बदलली. १८८९ मध्ये म्हैसूरची अंचे ब्रिटिश भारताच्या टपाल खात्यात विलीन झाली आणि संस्थानाचे स्वतःचे कान साम्राज्याच्या तारांना जोडले गेले. त्याआधीच १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून तारेचा संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रांबाबत तसाच अधिकार दिला. हा परकीय सत्तेचा कायदा होता आणि त्याचा वापर राष्ट्रीय चळवळीविरुद्ध झाला, याबद्दल शंका नाही. तरी जुन्या अंचेच्या तुलनेत त्यात एक गोष्ट नवी होती. संदेश अडवण्यासाठी कायद्याने ठरवलेले कारण हवे आणि कोणातरी अधिकाऱ्याचा हुकूम हवा, हे तत्त्व कागदावर आले. निरोप्या आणि हेर यांची जोडी कायम राहिली, पण निरोप्याला पाकीट फोडायचे झाले, तर आता सहीचा कागद लागू लागला.

स्वतंत्र भारतात या सहीच्या कागदाने कर्नाटकातच एक मुख्यमंत्रिपद घेतले. दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या आरोपांनंतर रामकृष्ण हेगडे यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा प्रसंग आज विसरल्यासारखा झाला असला, तरी दूरध्वनी ऐकणे ही राजकीय जबाबदारीची बाब आहे आणि तिची किंमत पदाने मोजावी लागू शकते, हे त्याने दाखवून दिले. पुढे १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला आणि संदेश अडवण्यासाठी गृह सचिवांची मंजुरी, ठरावीक मुदत आणि पुनर्विलोकन समिती असे बंधन घातले. २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांत त्याला नियमाचे रूप मिळाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. ही सारी बांधणी मात्र एका गृहीतावर उभी होती: ऐकायचे ते वाटेवर, म्हणजे तार, केबल किंवा टेलिफोन केंद्रावर, आणि त्या वाटेचा रखवालदार ओळखता येतो.

ते गृहीत तंत्रज्ञानाने मोडले. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या सर्व संदेशांसाठी ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ लागू केले, म्हणजे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते, मधला कोणीही तो वाचू शकत नाही. त्यामुळे वाटेवर बसलेल्या अंचेवाल्याला आता फक्त बंद पेट्या दिसू लागल्या, आणि ज्यांना ऐकायचेच होते, ते वाट सोडून टोकाकडे, म्हणजे माणसाच्या खिशातल्या फोनकडे वळले. फोनच्या आज्ञावलीत अशा काही फटी असतात की त्या तिच्या निर्मात्यालाही माहीत नसतात. त्यांना ‘झिरो-डे’ म्हणतात, कारण दुरुस्तीसाठी निर्मात्याला एकही दिवस मिळालेला नसतो. अशा फटी शोधून, त्यांतून आत शिरणारी आणि संदेश, संभाषण, छायाचित्रे, कॅमेरा आणि मायक्रोफोन यांवर ताबा मिळवणारी आज्ञावली म्हणजे स्पायवेअर, आणि ती सरकारांना विकण्याचा धंदा म्हणजे व्यापारी स्पायवेअर. इस्रायलमध्ये २०१० मध्ये स्थापन झालेल्या एन.एस.ओ. ग्रुपची पेगासस ही त्या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू. आपण ती फक्त सरकारांनाच विकतो, असे कंपनी सांगते, आणि निर्यातीसाठी इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो.

कौटिल्याने हेराच्या सोंगांत व्यापाऱ्याचे सोंग सांगितले होते. येथे व्यापार हेच मूळ काम आहे आणि हेरगिरी हा त्याचा माल आहे. त्या मालाचा भावही माहीत आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांनुसार दहा फोनवर नजर ठेवण्यासाठी ६,५०,००० डॉलर आणि शिवाय उभारणीसाठी ५,००,००० डॉलर असा एन.एस.ओ.चा दर होता. रक्कम मोठी असली, तरी ती एकदा मोजली की हेराला ओसरीवर बसावे लागत नाही, त्याला झोप येत नाही आणि तो एकाच वेळी दहा घरांत राहू शकतो. याच धंद्यातील इटलीच्या हॅकिंग टीम या कंपनीचे सुमारे ४०० जीबी अंतर्गत कागद २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा एकच विक्रेता कितीतरी देशांच्या यंत्रणांशी एकाच वेळी व्यवहार करतो हे जगाने पाहिले. कौटिल्याच्या भाषेत हा विक्रेता उभयवेतनच नव्हे, बहुवेतन आहे, आणि त्याच्या बायकामुलांना ओलीस ठेवण्याची कोणत्याही एका राजाची ताकद नाही.

भारतात या प्रणालीचा पहिला मोठा गाजावाजा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. व्हॉट्सॲपच्या कॉल-व्यवस्थेतील फटीतून सुमारे १,४०० फोनवर पेगासस पाठवल्याचा आरोप करत त्या कंपनीने अमेरिकेत एन.एस.ओ.विरुद्ध खटला भरला, आणि भारतातील ज्या वापरकर्त्यांना तिने सावधगिरीचे संदेश पाठवले, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि गोव्यात अध्यापन करणारे आनंद तेलतुंबडे होते. १८ जुलै २०२१ पासून ‘फॉरबिडन स्टोरीज’, ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि १७ वृत्तसंस्था यांनी मिळून सुमारे ५०,००० दूरध्वनी क्रमांकांच्या यादीवर आधारित वृत्ते प्रसिद्ध केली, आणि त्या यादीतील तीनशेहून अधिक क्रमांक भारतातील असल्याची पडताळणी ‘द वायर’ने केली. म्हैसूरच्या दृष्टीने त्यातील एक भाग विशेष आहे: जुलै २०१९ मध्ये कर्नाटकातील एच. डी. कुमारस्वामी यांचे आघाडी सरकार कोसळले, त्या सुमाराला तत्कालीन उपमुख्यमंत्री जी. परमेश्वर यांचा क्रमांक, तसेच कुमारस्वामी आणि म्हैसूर जिल्ह्याचे सिद्धरामय्या या दोघांच्या सचिवांचे क्रमांक संभाव्य लक्ष्य म्हणून निवडले गेले होते, असे त्या वृत्तांत म्हटले होते. यादीत क्रमांक असणे म्हणजे फोनमध्ये प्रणाली शिरलीच असे सिद्ध होत नाही, आणि या फोनची न्यायसहायक तपासणी झालेली नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. तरी कोणाच्या यादीत कोण असतो, हा प्रश्न स्वतःच बोलका आहे, कारण कौटिल्याच्या अठरा तीर्थांच्या यादीचा आरंभ ज्या मंत्र्यापासून होतो, तोच येथेही सापडतो. फरक असा की ती यादी कौटिल्याने आपल्या ग्रंथात उघडपणे लिहिली होती, आणि ही यादी कोणी केली हे सांगायला कोणीही पुढे आले नाही.

महाराष्ट्रात या प्रकरणाने आणखी गंभीर वळण घेतले. जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव हिंसाचारानंतर पुणे पोलिसांनी अटक केलेल्या आरोपींपैकी रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या प्रयोगशाळेने केली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने असा निष्कर्ष काढला की ‘नेटवायर’ नावाच्या आज्ञावलीच्या साह्याने त्या संगणकात दीर्घकाळ शिरकाव झाला होता आणि खटल्यात पुरावा म्हणून मांडलेली पत्रे बाहेरून आत ठेवली गेली होती. तपास यंत्रणांनी हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. नेटवायर ही पेगाससच्या तुलनेत स्वस्त आणि सहज मिळणारी वस्तू होती, म्हणजे या बाजारात महागड्या मालाशेजारी हलका मालही विकला जातो. आतापर्यंतच्या इतिहासातील निरोप्या पाकीट फोडून वाचत असे. हे नवे साधन पाकिटात स्वतःचे पत्र घालूही शकते. संस्कृत वाचकाला हे अपरिचित नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याच्या हेराला राक्षसाची मुद्रा सापडते, शकटदासाच्या अक्षरात पत्र लिहवून घेतले जाते, त्यावर ती मुद्रा उमटवली जाते, आणि त्या पत्राच्या जोरावर मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडतो. नाटकात प्रेक्षकाला बनाव पहिल्या अंकापासून माहीत असतो. न्यायालयात मात्र अक्षर कोणाचे आणि मुद्रा कोणी उमटवली, हे यंत्राच्या आतल्या खुणांवरूनच ठरवावे लागते.

भारतातील पेगाससच्या कथित वापराची चौकशी २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखालील तांत्रिक समितीकडे सोपवली, आणि समितीच्या तीन तज्ज्ञांपैकी एक आय.आय.टी. मुंबईचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते होते. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला प्रत्येक वेळी न्यायालयीन तपासणीतून सूट मिळत नाही, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने राज्यसभेत सांगितले होते की त्याचा एन.एस.ओ. ग्रुपशी कोणताही व्यवहार झालेला नाही. इतर खात्यांबद्दल मात्र सविस्तर प्रतिज्ञापत्र सरकारने दिले नाही. २५ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक आज्ञावली आढळली, ती पेगाससच होती असा निर्णायक पुरावा मिळाला नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने असेही म्हटले की देशाकडे स्पायवेअर असण्यात स्वतःहून काही चूक नाही, प्रश्न ते कोणाविरुद्ध वापरले जाते हा आहे. हे म्हणणे कौटिल्यालाही मान्य झाले असते. पण कोणाविरुद्ध हा प्रश्न सोडवायचा, तर आधी कोणी आणि कोणाच्या सहीने याचे उत्तर हवे, आणि तेच अद्याप अनुत्तरित आहे.

अमेरिकेतील खटल्याने काही उत्तरे दिली. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने एन.एस.ओ.ला जबाबदार ठरवले, मे २०२५ मध्ये ज्युरीने सुमारे १६.८ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम बरीच कमी केली, पण व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास कंपनीला कायमची मनाई केली. त्या खटल्यातील कागदांत २०१९ च्या लक्ष्यांची देशवार संख्या आली आणि तीत भारताच्या नावापुढे १०० हा आकडा होता. जे भारतातील कोणत्याही दप्तरात सापडले नाही, ते परदेशी विक्रेत्याविरुद्धच्या परदेशी खटल्यात बाहेर पडले, ही गोष्ट या धंद्याचा स्वभाव नेमका दाखवते. शब्दांतही हा स्वभाव उमटला. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रियंका चतुर्वेदी आणि महुआ मोइत्रा यांच्यासह विरोधी पक्षांच्या अनेक नेत्यांना ॲपलने पाठवलेल्या सूचनांत ‘राज्यपुरस्कृत’ हल्लेखोर असा उल्लेख होता. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने तो शब्द बदलून ‘भाडोत्री’ स्पायवेअर असा प्रयोग सुरू केला. राज्य आणि भाडोत्री यांच्यामधली ही संदिग्ध जागाच या बाजाराची खरी पेठ आहे: विकत घेणारे राज्य म्हणते की हे काम आपले नाही, विकणारी कंपनी म्हणते की वापर तिच्या हाती नाही, आणि ज्याच्या फोनमध्ये हे घडले, त्याच्याजवळ कोणाचेच नाव राहत नाही.

म्हणून या इतिहासातील खरा बदल हेरगिरीच्या असण्यात शोधू नये. कौटिल्याच्या ग्रंथात, चिक्क देवराजाच्या अंचेत आणि मराठी दरबारांच्या जासुदांत ती होतीच, आणि त्या काळच्या प्रजेला आजच्या नागरिकापेक्षा संरक्षणही कमीच होते. बदल झाला तो हेराच्या नोंदीत. अर्थशास्त्रात हेराचे वेतन पणांत लिहिलेले आहे आणि त्याचे म्हणणे तीन तोंडांनी पडताळायचे आहे. १८८५ आणि १८९८ च्या कायद्यांत हुकूम आहे, १९९६ च्या निकालात गृह सचिवांची सही आणि मुदत आहे. त्या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चे दूरसंचार आणि टपाल कायदे आले आहेत, आणि दूरसंचार संदेश अडवण्याच्या मंजुरीचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये नव्याने अधिसूचित झाले आहेत. तरी हे सारे नियम वाटेवरच्या निरोप्यासाठी लिहिलेले आहेत. टोकावरच्या फोनमध्ये शिरणाऱ्या आणि त्यात लिहूही शकणाऱ्या विकत घेतलेल्या हेराला कोणत्या वहीत नोंदवायचे, त्याचे म्हणणे कोणी पडताळायचे, आणि त्याने खोटे सांगितले तर दंड कोणाला, याचे कलम त्यांत नाही. सरस्वतीपुरमजवळच्या संशोधनालयातील ताडपत्रांवर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. ती कठोर आहेत आणि आजच्या घटनेला शोभणारी नाहीत, पण तेथे ते प्रश्न निदान विचारलेले आहेत.